दगडावरचा नंबर

आनंदीताईंनी अंगठा दिला नव्हता आणि त्यावरून सगळं अडलं होतं.

अंगठा म्हणजे शाईचा नव्हे, मोबाइलवरचा. 'धुमाळ रिडेव्हलपमेंट' नावाच्या ग्रुपवर बिल्डरच्या ऑफिसातल्या अर्णवने दगडाचा मजकूर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'तिन्ही ओनर्सनी अंगठा द्यावा, म्हणजे कोरायला घेतो.' भावंडांच्या भांडणात या बिल्डरचे हात आधी बरेच पोळलेले असावेत, कारण गेटला रंग कुठला हेसुद्धा तो तिघांना विचारून ठरवी. थोरल्या गोपाळकृष्णअण्णांनी लागलीच अंगठा दिला. मजकूर त्यांनीच लिहिला होता. धाकट्या दत्तप्रसादने दुसऱ्या दिवशी दिला, कारण त्याच दिवशी दिला असता तर हा वाघोलीत नुसता मोबाइल घेऊन बसलेला असतो असं अण्णाला वाटलं असतं. मधल्या आनंदीताईंनी मजकूर वाचला, निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काही नाही. मध्यंतरी त्यांनी ग्रुपवर नवरात्रातल्या रंगांचा तक्ता टाकला, तेव्हा मोबाइल बिघडला असेल ही शंकाही मिटली.

मजकूर असा होता: 'या वास्तूत राहत होते दुसऱ्या महायुद्धात इटलीची रणभूमी गाजवणारे, मशीनगन बटालियनचे नंबर एक गनर, शूरवीर कै. वैजनाथ धुमाळ.' नव्या इमारतीच्या दारात काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत हा बसायचा होता. अण्णांना अठ्ठ्याहत्तर सुरू होतं आणि चैत्रात त्यांची बायपास झाली होती. आता नव्या फ्लॅटमध्ये राहायला मिळो न मिळो, पण वडिलांचा दगड कोरलेला बघायचाच, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं.

खंडेनवमीला मात्र आनंदीताईंना यावंच लागलं. विश्रांतवाडीच्या बंगल्यातली ही शेवटची खंडेनवमी; दिवाळी झाली की बंगला पडायचा. शनिवार पेठेतून रिक्षाने येऊन त्या फाटकाशी उतरल्या, तर अण्णा दारातच उभे.

"आलीस? मला वाटलं, रंगांचा तक्ता पाठवून मोकळी होशील."

"आले. तुझा दगड कुठंय?"

"दगड कुठला? तुझ्या अंगठ्यावाचून अडलाय."

"अडू दे की. दगडाला कुठं गाडी गाठायचीय?"

माहेर विश्रांतवाडीचं असलं तरी उभा जन्म शनिवारात काढल्यावर जिभेला जी धार येते ती आली होती. अण्णांनी बाजूला सरून वाट दिली. सणाचा दिवस होता, आणि अंगठाही अजून मिळायचा होता.

हॉलमध्ये पाट मांडला होता. पाटावर अण्णांच्या नातीचा, स्पृहाचा लॅपटॉप, तिच्या स्कूटरची किल्ली, वाघोलीहून आणलेली कात्री आणि मिक्सरचं भांडं. अख्खा मिक्सर आणायचा दत्तप्रसादच्या बायकोचा, प्रियदर्शनीचा विचार होता, पण दत्ताने रस्त्यातच संप पुकारायची धमकी दिली म्हणून भांड्यावर भागलं. आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, तात्यांचा डबा. चौकोनी, पत्र्याचा, हिरवा रंग बराचसा उडालेला, वर एक तोंड आणि शेजारी नळी बसवायला दुसरं छोटं तोंड. तात्या म्हणजे वैजनाथ धुमाळ युद्धावरून परत आले ते हा डबा घेऊन, आणि तेव्हापासून दर खंडेनवमीला त्याची पूजा होत आली होती.

घरात त्याला दारूचा डबा म्हणत. अण्णांच्या मते दारू म्हणजे दारूगोळ्यातली. दत्ताच्या मते मिलिटरीची रम. या एका शब्दावर दोघे भाऊ शाळेत असल्यापासून भांडत आले होते, आणि मधे सापडली होती प्रियदर्शनी.

"भाऊजी, नवीन बांधकाम होईपर्यंत हा डबा आमच्याकडे वाघोलीला नका ठेवू हं," ती कुंकू लावता लावता म्हणाली. "दारूचा डबा म्हणून मी देव्हाऱ्याशेजारी ठेवायचा कुठल्या तोंडानं?"

"दारू म्हणजे ती नव्हे गं!" अण्णा कळवळून म्हणाले.

"ती नव्हे तर वास का यायचा?" दत्ता म्हणाला. "मी लहानपणी हुंगलाय."

"तेलाचा वास होता तो, गाढवा."

"अहो, सणासुदीचं गाढव काय!" प्रियदर्शनीने नवऱ्याची बाजू घेतली. दिवसभरात ती एवढीच घेतली.

स्पृहा कॉलेजसाठी आजोबांकडेच राही, आईवडील बंगळुरूला. ती मोबाइल उभा धरून शूटिंग करत होती. "आजोबा, हिस्ट्री सांगा ना. लास्ट टाइम या घरात. फुल व्हर्जन."

अण्णांना तेवढंच हवं होतं. पोस्टात अख्खी नोकरी खिडकीच्या आत बसून झालेली, त्यामुळे मोकळ्या हवेतलं बोलायचं ते या एका विषयावर बोलत. "बेळगावला भरती. तिथनं इराक, मग जहाजात घालून इटली. आता मशीनगन बटालियन म्हणजे साधी पलटण नव्हे, बरं का. यांच्या गना मागे टेकडीवर लावलेल्या. आपली पोरं समोरचा डोंगर चढतायत, आणि त्यांच्या डोक्यावरनं पलीकडे हे गोळ्यांचा पाऊस पाडतायत. तास न् तास! एका गनवर माणसं ठरलेली, प्रत्येकाला नंबर. नंबर एक गन झाडणार. नंबर दोन गोळ्यांचा पट्टा सरकवणार."

"आणि नंबर तीन?"

"तो असतो असाच. आणायला, न्यायला. हरकाम्या."

"हरकाम्या?" आनंदीताईंनी विचारलं.

"मग काय म्हणू, सेनापती म्हणू?"

आनंदीताईंनी आरतीचं तबक खाली ठेवलं आणि पुरण बघायला म्हणून आत निघून गेल्या. त्यांचा चेहरा फक्त प्रियदर्शनीने पाहिला. वन्संना काहीतरी लागलंय, आणि जे लागलंय ते नावाचं लागलंय, असा तिने तर्क केला. दगडावर सगळीकडे अण्णांचाच शब्द. लेकीला कुणी विचारलंय? तिचं तिलाच वाईट वाटलं, आणि त्याच दमात एक विचारही सुचला.

"भाऊजी, मी काय म्हणते, दगडावर खाली मुलांची नावं हवीत."

"तेच मी म्हणणार होतो," दत्ता म्हणाला. "'धुमाळ बंधू' एवढंच."

"आणि वन्संचं नको? त्या काय रस्त्यावर सापडल्या होत्या?"

"बरं, ताईचंही घ्या."

"आणि लेकीचं घेतलं तर सुनांचं का नको?"

"अगं, दगड आहे का लग्नपत्रिका?" अण्णा कडाडले. "उद्या मुलांचं घ्या, परवा 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणून नातवंडांचं घ्या!"

पण बोलता बोलताच त्यांना उमगलं की अंगठा इथेच अडकलेला असणार. ते मऊ झाले. दत्ताला त्यांनी 'बंधू' देऊन टाकले, प्रियदर्शनीला 'व परिवार', आणि स्पृहाला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "आत जा आणि तुझ्या आत्याआजीला सांग, तिचं नाव घेतो म्हणावं. मोठ्या अक्षरात."

स्पृहा स्वयंपाकघरात गेली तेव्हा आनंदीताई कटाची आमटी ढवळत होत्या. आमटीला गरज नसताना ढवळत होत्या.

"आत्याआजी, सीन काय आहे तुझा? एक थम्सअप तर द्यायचाय. आजोबा तुझं नाव टाकतायत, बोल्ड मध्ये."

"नाव नको मला. मजकूर चुकलाय."

"शुद्धलेखन?"

"नाही, तेवढंच बरोबर आहे. नंबर चुकलाय. तात्या नंबर एक नव्हते. तीन होते."

स्पृहाच्या हातातला मोबाइल अजून चालूच होता. तिने तो पटकन बंद केला. तिला आधी भारीच मजा वाटली, मग एकदम आजोबा आठवले. गेल्या महिनाभरात आजोबांनी दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्या दगडाचा मजकूर वाचून दाखवला होता.

"मग नको सांगू ना. प्लीज. त्यांची बायपास झालीय."

"मला काय हौस आहे? साठ वर्षं नाहीच सांगितलं. घरात बोलतात ते हवेत जातं गं, कोण धरून बसतंय? पण आता दगडात कोरायला निघालाय. दगडात खोटं लिहिलं की ते आपण मेल्यावरही बोलत राहतं. आणि त्यातून हरकाम्या म्हणाला तो. माझ्या बापाला हरकाम्या म्हणाला, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते हिंगावर ढकललं.

पंगत बसली. अण्णांनी पहिली पोळी गप्प बसून खाल्ली. दुसऱ्या पोळीवर तूप पडलं तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला.

"आनंदे, सगळ्यांच्या देखत विचारतो. आज अंगठा दे, नाहीतर कारण दे."

"आधी जेव."

"जेवण घशाखाली उतरत नाही माझ्या."

"ही दुसरी पोळी आहे तुझी."

"आनंदे!"

आनंदीताईंनी पाण्याचा घोट घेतला. स्पृहाने डोळे घट्ट मिटून घेतले.

"तात्या नंबर एक नव्हते, अण्णा. नंबर तीन होते."

दत्ताला हसू फुटलं. "तीन? मग एक कोण?"

"शंभू काटकर. दोन नंबर आप्पा निकम. तात्या तिसरे."

अण्णांनी पोळी ताटात ठेवली. "कोणी सांगितलं तुला?"

"तात्यांनी."

"तुला सांगितलं? मला नाही सांगितलं. मी थोरला."

"तू विचारलंच नाहीस. तू आणि दत्ता, दोघंही एकच धोशा लावायचात, तात्या, किती मारले? तात्या, किती मारले? मी विचारलं, तात्या, तिथं तहान लागली की काय करायचात? तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग बोलायला लागले. किती तरी वेळ बोलत होते. ती गन पाण्यावर चालते, ठाऊक आहे का तुला?"

"गोळ्यांवर चालते," दत्ता म्हणाला.

"गोळ्या कुणीही घालेल. तिच्या नळीभोवती पाण्याचं कवच असतं. सारखी झाडली की ते पाणी उकळतं. वाफ वर गेली की समोरच्याला कळतं गन कुठं आहे ते. म्हणून ती वाफ नळीनं डब्यात घ्यायची, गार करायची, परत ओतायची. हाच तो डबा. दारूबिरू काही नाही. दारूचा हे नाव याचं, चौथीत असताना ठेवलेलं." त्यांनी दत्ताकडे बोट केलं. "आणि तरी पाणी कमी पडतंच. मग खालच्या ओढ्यावर जायचं, वरनं तोफगोळे पडतायत त्यातनं, आणि पाणी घेऊन यायचं. ते काम नंबर तीनचं. पाणी संपलं की गन बंद, आणि गन बंद पडली की समोर डोंगर चढणारी आपली पोरं उघड्यावर. घसा कोरडा पडला तरी त्यातला घोट स्वतः प्यायचा नाही, आधी गनला. हा तुझा हरकाम्या."

मग दत्ताने अगदी साध्या कुतूहलाने विचारलं, "आणि ओढासुद्धा आटला तर?"

"तर माणसाजवळ जे असेल ते. तेही तात्यांनी सांगितलं. तू आमटी पितोयस म्हणून मी सांगत नाही."

प्रियदर्शनीला अर्थ लागायला जरा वेळ लागला. लागला तशी ती हॉलमधल्या पाटाकडे बघून जवळजवळ ओरडलीच, "अगं बाई! वन्सं, मी आत्ता त्याला डोकं टेकवून नमस्कार केला!"

स्पृहा फस्सकन हसली, दत्ताला ठसका लागला. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"म्हणजे जन्मभर मी लोकांना खोटं सांगत फिरलो," ते म्हणाले. "पण तात्यांच्या मयताला पलटणीतले सुभेदार आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, वैजू आमचा नंबर एक. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

"खोटं नाही, अण्णा. सुभेदारही खरं बोलले." आनंदीताईंचा आवाज आता अगदी उतरला होता, धार कुठल्या कुठे गेली होती. "तात्या पाणी घेऊन वर आले तर गनजवळ गोळा पडलेला. शंभू गेला होता. मग दोन नंबरचा आप्पा झाला एक, आणि तात्या झाले दोन. तसाच नियम असतो त्यांच्यात, माणूस पडला की मागचा सरकतो, गन थांबता कामा नये. दिवस मावळायच्या आत आप्पा पण गेला. मग तात्या नंबर एक. पहाटेपर्यंत एकट्यानं झाडली. समोर अंधार, डोंगरापलीकडचं काही दिसत नाही. तुम्ही विचारायचात किती मारले, आणि ते म्हणायचे मोजले नाहीत. तुम्हाला वाटायचं, खूप असतील. अरे, दिसलेच नाहीत तर मोजणार काय? मला म्हणाले, आनंदे, आमच्यात नंबर वर जायचा तो पुढचा मेला की. तेव्हा मला त्या नंबरानं हाक मारू नये कुणी."

अण्णांनी ताटातली पोळी बाजूला सारली. मग कुणाकडेच न बघता बोलायला लागले.

"सातवीत माझा पहिला नंबर आला होता. शाळेपासनं पळत आलो. तात्या अंगणात लाकडं फोडत होते. मी ओरडलो, तात्या, नंबर एक! नंबर एक! त्यांनी कुऱ्हाड टाकली आणि फाटकातनं निघून गेले. दिवेलागणीनंतर परत आले. एक शब्द नाही, पाठीवर हात नाही. मला वाटलं, मी पुढं गेलेलं यांना बघवत नाही." ते थांबले. "त्यानंतर मी कधी पहिला आलो नाही. येत होतं मला. एक गणित मुद्दाम सोडून द्यायचो."

"अण्णा..." आनंदीताई म्हणाल्या. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे अशा तोऱ्यात त्या आल्या होत्या, आणि सख्ख्या भावाचं हे एवढं त्यांच्यापर्यंत कधी आलंच नव्हतं.

दत्ता उठला. खरकट्या हाताने तो थोरल्या भावाच्या शेजारी जाऊन बसला. "आणि मला वाटायचं, तू ढ आहेस."

"आहेच तो," आनंदीताई डोळे पुसत म्हणाल्या.

अण्णांना हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि मग ते थोपवायच्या भानगडीत पडले नाहीत. प्रियदर्शनीने न विचारता त्यांच्या पानात गरम पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि डॉक्टरांचं नाव निघायच्या आत वळून चालू लागली.

जेवणं उरकून विडे फिरत होते तेवढ्यात अर्णवचा फोन आला. स्पृहाने स्पीकर लावून मोबाइल आजोबांसमोर धरला.

"काका, दसऱ्याच्या शुभेच्छा इन अॅडव्हान्स! तो कोरणारा माणूस उद्या गावाला चाललाय. आज फायनल मजकूर नाही दिला तर मग डायरेक्ट दिवाळीनंतर."

अण्णांनी आनंदीताईंकडे पाहिलं. त्या काही सुचवतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी पदर चाचपत नजर खाली घातली. आता बोलायचं ते अण्णानेच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"लिहून घे," अण्णा म्हणाले. "आधी 'नंबर एक' काढ."

"ओके. मग काय टाकू?"

"काही टाकू नको. 'शूरवीर' पण काढ. 'गाजवणारे' पण."

"काका, मग उरतं काय?"

"नावं उरतात. तीन नावं घे. शंभू काटकर. आप्पा निकम. वैजनाथ धुमाळ. वर लिही, मशीनगन बटालियन, इटली."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला आणि थांबला. "काका, हे काटकर आणि निकम कोण? प्रॉपर्टीत आहेत का? म्हणजे मग त्यांची पण एनओसी लागेल."

"नाही लागणार. ते इटलीत आहेत."

"एनआरआय! अहो, मग मेलवर चालेल की. त्यांचा आयडी द्या."

दत्ताने तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा रुमाल कोंबला. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "बाळा, ते युद्धात गेले. तिथंच आहेत."

"सॉरी, सॉरी काका." अर्णवचा आवाज खरोखरच ओशाळला. मग त्याने चाचरत विचारलं, "पण एक विचारू? बंगला तर धुमाळांचा. मग आपल्या आजोबांचं नाव वर घ्यायला नको? तिसऱ्या नंबरला बरं नाही दिसणार."

आनंदीताईंनी मान वर केली. अण्णा ताठ बसले.

"तिसऱ्यालाच राहू दे. ते तिसरे होते, म्हणून आम्ही तिघं आहोत."

पलीकडे पुन्हा कीबोर्ड वाजला.

"हे पण कोरायचं का, काका?"

अण्णांनी दत्ताकडे पाहिलं, आनंदीकडे पाहिलं. दोघांनीही अंगठे वर केले.

"कोर," ते म्हणाले.